डोंगरवाटांवर महिलांची सायकल : गट कसा निवडावा, सुरक्षित कसे राहावे

धायरी - सिंहगड रस्त्याने शहर मागे टाकून खडकवासल्याकडे निघाले, की धायरी फाट्यापासून डाव्या हाताला डोंगर सुरू होतात. धारेश्वराच्या मंदिराची टेकडी, पलीकडे नऱ्हे-आंबेगावची उतरण आणि समोर सिंहगडाचा मनोरा, असा हा परिसर. रविवारी पहाटे या रस्त्यावर सायकलस्वारांची गर्दी असते. त्यात गिअरच्या, जाड टायरच्या सायकली घेऊन निघालेल्या महिलाही दिसतात. नोकरी करणाऱ्या, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा सायकलकडे वळलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या महिला, असे त्यांचे स्वरूप आहे.

हौस पुष्कळ असते. मात्र एकटीने डोंगरवाटेवर जावे काय, हा प्रश्न प्रत्येकीसमोर असतो. तो निराधार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये बोपदेव घाटात रात्रीच्या वेळी एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि शहरालगतच्या टेकड्या व घाटांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. सायकलस्वारांच्या नेहमीच्या वाटांपैकी हा एक घाट. अशा घटनांनंतर घरातून पहिली सूचना येते ती 'आता जाणे बंद कर' अशी. डोंगर सोडून देणे हा मात्र एकमेव मार्ग नव्हे. जाणत्या महिलांच्या गटात सामील होऊन, नियमांनी आणि तयारीने जाणे हा दुसरा मार्ग आहे. गट कसा निवडावा, सायकल व साहित्य कसे असावे, वाटेवर कोणती पथ्ये पाळावीत, याची ही माहिती.

डोंगरी सायकल आली कुठून?

डोंगरी सायकलचा, म्हणजेच माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीच्या डोंगरात झाला. सत्तरच्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६मध्ये तेथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. तीव्र उतारावर ब्रेकची काय अवस्था होते, हे सांगणारी ही आठवण सिंहगड घाट उतरणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हा खेळ सुरुवातीपासून पुरुषांच्या टोळक्यांचा होता. त्याच परिसरातील जॅकी फेलन या सायकलपटू महिलेने ऐंशीच्या दशकात 'वॉम्बॅट्स' हा केवळ महिलांचा डोंगरी सायकल गट सुरू केला. स्पर्धेपेक्षा सोबत, चहापान आणि नवशिक्यांना धीर देणे यांवर त्याचा भर होता. पुढे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला, तोही पुरुष व महिला दोन्ही गटांत. इटलीची पाओला पेझो ही महिला गटातील पहिली सुवर्णपदक विजेती ठरली.

पुण्याला तर 'सायकलींचे शहर' अशी ओळख होतीच. दुचाकींच्या गर्दीत ती पुसट झाली असली, तरी अलीकडच्या काळात पुण्याच्या महिलांनी ती वेगळ्या प्रकारे जागी केली आहे. वेदांगी कुलकर्णी हिने २०१८मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवर पूर्ण केली. या प्रवासात स्पेनमध्ये तिला लुटारूंनी गाठले होते. प्रीती मस्के यांनी जून २०२२मध्ये लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत एकटीने पार केले. ही उदाहरणे स्फूर्ती देणारी आहेत. पण त्यामागे अनेक वर्षांचा सराव, नियोजन आणि पाठीशी माणसे होती, हे विसरून चालणार नाही. नवशिक्या सायकलस्वार महिलेने अनुकरण करायचे ते त्यांच्या अंतराचे नव्हे, तर तयारीचे.

गट निवडताना

महिलांचे बहुतेक सायकल गट अनौपचारिक असतात. गृहसंकुलातील मैत्रिणी, कार्यालयातील सहकारी किंवा सायकलच्या दुकानात झालेली ओळख यांतून ते उभे राहतात. मोबाइलवर संदेश फिरतो आणि रविवारी पहाटे सगळ्या ठरलेल्या चौकात जमतात. अशा गटात सामील होण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे गटाचे नेतृत्व कोणाकडे असते? सुनियोजित गटात सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेली अनुभवी सायकलस्वार असते आणि सर्वांत मागे तितकीच अनुभवी दुसरी. मागच्या सायकलस्वाराच्या मागे गटातील कोणीही राहत नाही, हा नियम असतो. पुढच्या दोघी-तिघी वेगाने निघून जातात आणि नवीन आलेली एकटी मागे पडते, असा गट कितीही नावाजलेला असला, तरी महिलांसाठी तो असुरक्षितच समजावा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फेरीपूर्वी अंतर, चढ, रस्त्याचा प्रकार, अंदाजे वेग आणि परतण्याची वेळ कळवली जाते काय? 'खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ' आणि 'सिंहगड चढून येऊ' या दोन फेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'सोपी', 'मध्यम', 'अवघड' अशी वर्गवारी करणारा गट नवशिक्यांचा विचार करतो, असे मानायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येकीचे नाव, रक्तगट, आजार, ॲलर्जी आणि घरच्या एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद ठेवली जाते काय? ही माहिती गटप्रमुखाजवळ कागदावर असावी. डोंगरात मोबाइलची बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर पालकांची लेखी संमती घेणारा गटच निवडावा.

चौथी गोष्ट शुल्काची. मैत्रिणींनी मिळून जाणे वेगळे आणि पैसे घेऊन सहल आयोजित करणे वेगळे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१मध्ये साहसी पर्यटन धोरण लागू केले असून, साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. शुल्क आकारणाऱ्या आयोजकाला नोंदणी, प्रथमोपचार प्रशिक्षण आणि विमा यांविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. उत्तर टाळणाऱ्याकडे पैसे भरण्याची घाई करू नये.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या ही परस्परांची परीक्षा असते. थांबायला सांगितल्यावर गट थांबतो काय, 'मला हा उतार जमणार नाही' असे म्हटल्यावर हसतात की सायकल हातात धरून उतरू देतात, यावरून गटाची पारख होते. उतरून चालण्यात कमीपणा मानू नये. जगभरातील निष्णात सायकलपटूही न जमणारा टप्पा पायी उतरतात.

सायकल आपल्या मापाची हवी

नवरा किंवा मुलगा वापरत असलेली सायकल घेऊन सुरुवात करण्याचा मोह अनेकींना होतो. मात्र मापात नसलेली सायकल हे पडण्याचे व पाठदुखीचे मोठे कारण आहे. सायकलच्या मधल्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत किमान दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. डोंगरी सायकलसाठी ते जास्त असलेले बरे. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. पूर्ण सरळ झाला तर सीट उंच, जास्त वाकला तर खाली.

ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे सहज पोचतात काय, हे पाहावे. लहान हातांसाठी दांडा मुठीजवळ आणता येतो. दुकानदाराला सांगितले की पाच मिनिटांचे काम आहे. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हे प्रत्येक नव्या सायकलवर आधी तपासावे. डोंगरी सायकलची चाके साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंचांची असतात. जुन्या सायकलींना सव्वीस इंची चाके आढळतात. नवशिकीसाठी चाकाच्या आकारापेक्षा सायकलचे माप आणि चांगले डिस्क ब्रेक अधिक महत्त्वाचे. सीटचा त्रास बहुतेकींना सुरुवातीला होतो. बैठकीच्या हाडांच्या रुंदीनुसार सीट निवडल्यास आणि गादीची सायकल पँट वापरल्यास तो बराच कमी होतो.

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि साखळी या तीन गोष्टी रोज तपासाव्यात. चाके घट्ट बसली आहेत काय, हॅंडल हलत नाही ना, हेही पाहावे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीच्या वाटेवर टायरमधील हवा थोडी कमी ठेवल्यास पकड चांगली मिळते. मात्र ट्यूब असलेल्या टायरमधील हवा फार कमी केल्यास दगडावर आपटून ट्यूब चिरडते. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा पाहूनच हवा भरावी.

हेल्मेट, कपडे आणि पिशवी

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही. परंतु डोंगरात हेल्मेटशिवाय कोणालाही सोबत न घेणारा गटच योग्य. हेल्मेट कपाळावर भुवईच्या वर दोन बोटे बसावे. कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी 'व्ही' आकार व्हावा आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल इतका पट्टा घट्ट असावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी बदलावे. केस घट्ट वेणीत किंवा खाली बांधावेत; उंच अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही.

ओढणी, सैल सलवार, लोंबणारे बंद साखळीत किंवा चाकात अडकतात. बांगड्या, लांब मंगळसूत्र आणि कानातील लोंबते दागिने घरी ठेवावेत. पडल्यावर त्यांनी इजा होते, शिवाय निर्जन वाटेवर ते चोरांना निमंत्रण ठरतात. हातमोजे आवश्यकच, पडताना माणूस प्रथम हात टेकवतो. चष्मा साधा असला तरी चालेल, धूळ आणि किड्यांपासून डोळे वाचायला हवेत.

सोबतच्या पिशवीत हे असावे : एक सुटी ट्यूब, टायर काढण्याचे दोन लिव्हर, हातपंप, षटकोनी पान्यांचा जुडगा, प्रथमोपचार साहित्य, शिट्टी, छोटी विजेरी, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा, ओळखपत्र, थोडी रोख रक्कम आणि सॅनिटरी नॅपकिन. पंक्चर काढण्याचे काम प्रत्येकीने एकदा तरी स्वतः करून पाहावे. निर्जन वाटेवर पंक्चरसाठी अनोळखी व्यक्तीवर अवलंबून राहावे न लागणे, ही महिलांच्या दृष्टीने केवळ सोय नसून सुरक्षितता आहे.

तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात अधिक. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की किंवा केळी पुरेशी होतात. महागड्या पेयांची गरज नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी न पिण्याची सवय अनेकींना असते. ती उन्हाळ्यात घातक ठरते. मार्ग ठरवतानाच स्वच्छतागृहाचे थांबे ठरवणे हे गटप्रमुखाचे काम आहे. रक्तदाब, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती महिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरच निर्णय घ्यावा.

धायरीतून पायरीपायरीने

धायरी गावाचा महापालिकेत समावेश ऑक्टोबर २०१७मध्ये अकरा गावांसोबत पूर्ण झाला. गावाची वाढ मात्र त्यापूर्वीच झपाट्याने झाली होती. अरुंद रस्ते आणि टँकर-डंपरची वर्दळ ही येथील सायकलस्वारांपुढील पहिली अडचण आहे. डोंगरापेक्षा डोंगरापर्यंत पोचण्याचा रस्ता अधिक धोक्याचा, असे म्हणावे लागते.

त्यात सर्वांत गंभीर ठिकाण म्हणजे जवळचा नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत महामार्गाला सलग तीव्र उतार आहे. अवजड वाहने या उतारावर भरधाव येतात आणि ब्रेक निकामी झाल्यास समोरच्या वाहनांवर आदळतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी येथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५मध्ये कंटेनरच्या धडकेनंतर लागलेल्या आगीत अनेकांचा बळी गेला. त्यामुळे गटाने महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर सायकल मुळीच नेऊ नये. नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला जायचे झाल्यास गावातील अंतर्गत रस्ते निवडावेत आणि गर्दीच्या चौकात उतरून सायकल हातात घेऊन रस्ता ओलांडावा.

नवशिकीने पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर गिअर बदलणे, एका हाताने चालवून इशारा करणे आणि दोन्ही ब्रेक समतोल दाबून थांबणे यांचा सराव करावा. त्यानंतर धायरी फाट्यावरून नांदेड, किरकटवाडी फाटामार्गे खडकवासला धरण हे एका बाजूचे सुमारे सात-आठ किलोमीटरचे अंतर योग्य ठरते. सुटीच्या दिवशी सकाळी उशिरा चौपाटीवर वाहनांची कोंडी होते, म्हणून परतणे लवकर असावे. धरणाच्या पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

पुढचा टप्पा डोणजे, गोळेवाडी किंवा गोऱ्हे, खानापूरपर्यंतचा. रस्ता चढउताराचा असला तरी फार अवघड नाही. सिंहगडाचा घाट मात्र वेगळा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर असून, गोळेवाडीपासून आठ-नऊ किलोमीटरच्या घाटात पाचशेहून अधिक मीटर चढावे लागते. आधीच्या फेऱ्या न दमता होऊ लागल्यावरच हा घाट हाती घ्यावा. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. वळणाआधी वेग कमी करावा, नंतर ब्रेक सोडावेत, म्हणजे ते तापत नाहीत. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात आणि धुक्यात समोरचे वाहन दिसत नाही. वन विभागाने घाट बंद ठेवला असेल, तर वाद न घालता परत फिरावे.

मातीच्या वाटा त्यानंतरच्या. त्यांवर जाण्यापूर्वी जमीन कोणाची, हे जाणून घ्यावे. वन विभागाच्या क्षेत्रात त्यांचे नियम व वेळा लागू होतात, खासगी शेतात मालकाची परवानगी लागते आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीत शिरण्याचा विचारही करू नये. कात्रज ते सिंहगड ही डोंगरधार पायी भटकणाऱ्यांत प्रसिद्ध असली, तरी ती सायकलची वाट नव्हे.

वाटेवरची पथ्ये

आपल्या डोंगरउतारांवर सर्वत्र सुटा मुरूम असतो. त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला, की चाक घसरते. उतारावर पेडल आडवी समांतर ठेवून सीटवरून थोडे उठावे, कोपर-गुडघे सैल ठेवावेत, शरीराचा भार मागे न्यावा आणि नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे ठेवावी. नजर जिकडे जाते, सायकल तिकडे जाते. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या वाटा टाळाव्यात. चाके रुततात आणि वाटही खराब होते. शेवाळलेल्या खडकावरून सायकल नेऊ नये. वाहता ओढा कितीही उथळ दिसला, तरी उतरूनच पार करावा आणि पाणी वाढत असेल तर करूच नये.

गटात उतरताना दोघींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. पुढची पडली, तर मागचीला थांबता आले पाहिजे. डांबरी रस्त्यावर एकामागोमाग एक चालावे. खड्डा, वाहन, थांबा यांचे हातवारे व हाका आधी ठरवून घ्याव्यात. प्रत्येक फाट्यावर सर्व जणी जमेपर्यंत थांबावे. कानात इअरफोन नकोत.

चालणारी माणसे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, गुरे यांना पहिला मान द्यावा. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे आहोत. कळपाजवळ उतरून चालावे. कुत्री पाठीस लागली तर वेग वाढवण्याऐवजी उतरून सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरावी. सिंहगड-खडकवासला परिसरात बिबट्याचा वावर असल्याने अंधारात डोंगरात थांबू नये. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ धूर, अत्तर आणि गोंगाट टाळावा.

छेडछाड किंवा पाठलागाचा संशय आल्यास थांबून वाद घालू नये. गटाने एकत्र येऊन वस्तीकडे, चहाच्या टपरीकडे किंवा पोलिस चौकीकडे जावे, वाहनाचा क्रमांक टिपावा आणि ११२ क्रमांकावर कळवावे. मार्ग व परतीची वेळ घरी सांगून निघावे; मात्र चालू फेरीची छायाचित्रे आणि ठिकाण सर्वांना दिसेल असे प्रसिद्ध करू नये. ती घरी परतल्यावर टाकली तरी चालतात.

अपघात झाल्यास

प्रथम मागून येणाऱ्या सायकली थांबवाव्यात. मान किंवा पाठीला मार लागल्याची शंका असल्यास जखमी महिलेला हलवू नये व हेल्मेट काढण्याची घाई करू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. खांदा, मनगट किंवा गळ्याजवळचे हाड दुखावल्यास ओढणीची झोळी करून हात स्थिर ठेवावा. डोक्याला मार लागून उलटी, गोंधळ, झोप किंवा विसरभोळेपणा जाणवल्यास, 'मी ठीक आहे' असे ती म्हणत असली, तरी तिला सायकल चालवू देऊ नये, रुग्णालयात न्यावे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे सारे टाळावे. अवयव स्थिर ठेवून, न चालवता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात लवकर पोचवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. दुर्गम ठिकाणी अडकल्यास महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारखी गिर्यारोहकांची बचावयंत्रणा मदतीस येते. तिचा क्रमांक गटप्रमुखाने आधीच जवळ ठेवावा.

निघण्यापूर्वी थोडक्यात

- पहिल्या फेरीला अंतर कमी, वेळ भरपूर ठेवावा.
- सूर्योदयाच्या सुमारास निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे. अंधारात डोंगरवाटा वर्ज्य.
- मागे कोण आहे, हे पुढचीला ठाऊक असावे.
- हेल्मेट, पाणी, सुटी ट्यूब आणि ओळखपत्र याशिवाय निघू नये.
- न जमणारा उतार पायी उतरावा.
- प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा.
- शंका वाटल्यास फेरी रद्द करावी. डोंगर पुढच्या रविवारीही तेथेच असतो.

शहराभोवतीच्या टेकड्यांवर दिवे, गस्त आणि सुरक्षित रस्ते देणे ही महापालिका, पोलिस व वन विभागाची जबाबदारी आहे. ती महिलांच्या सावधगिरीने कमी होत नाही. मात्र ज्या वाटांवर महिला नियमित, संख्येने आणि आत्मविश्वासाने दिसतात, त्या वाटा हळूहळू इतरांसाठीही निर्धोक होत जातात. आठ-दहा जणींचा शिस्तबद्ध गट धायरीतून दर रविवारी निघतो, तेव्हा तो केवळ व्यायाम करत नसतो. डोंगरावरचा आपला हक्कही तो जपत असतो.